एका खाटेवर दोन नावं

प्रिय भिंगरी,

पत्र बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, गुडघे जिथे होते तिथेच आहेत, गॅस बंद केलाय, गोळी घेतलीय, दाराला कडी आहे. तू विचारणार ते सगळं आधीच सांगून टाकलं, म्हणजे तू अर्ध्यातच फोन लावणार नाहीस आणि हे शेवटपर्यंत वाचशील. फोनवर मला हे जमायचं नाही गं. फोनवर मी "जेवलीस का"पासून सुरू होते आणि "जेवून घे"वर थांबते, मधलं राहून जातं. समोर बसून तर मुळीच नाही. तुझं तोंड बघितलं की माझा विषय बदलतो. मी चार इयत्ता शिकलेली बाई, सामानाच्या यादीपलीकडे जन्मात फारसं लिहिलं नाही, तेव्हा ओळी वर-खाली गेल्या तर सांभाळून घे. तू रविवारी टेबलावर विसरलीस ती रेघांची वही घेतलीय. मागची कोरी पानं फाडली, पुढच्या तुझ्या बाणांना आणि चौकोनांना हात लावलेला नाही.

रविवारी तू आलीस आणि काय सांगू, घर कसं जागं झालं. दोन बूट दोन दिशांना फेकलेस, ओल्या टॉवेलासकट पलंगावर बसलीस, कपात बोट घालून साय काढून टाकलीस. एकतीस वर्षांची घोडी झालीस तरी ती खोड काही जात नाही. आणि मला ते सगळं इतकं आवडलं की रागावायचं नाटकसुद्धा धड वठलं नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीण दुसऱ्या दिवशी विचारत होती, "नात आली होती वाटतं, हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता." मी म्हटलं, हसत होते ती मी, नात तर कॉम्प्युटरात तोंड घालून बसली होती. तर शिंपीण म्हणते, "मग तुम्ही एकट्याच हसत होतात?" बघ, कशी बाई आहे. माझ्या झग्याची बाही दोनदा उसवून शिवलीन आणि तरी एक हात आखूड तो आखूडच.

पण मुद्द्यावर येते. दुपारी बटाटे सोलता सोलता तू ते बोललीस. ते लांबचे लोक, समुद्रापलीकडचे, जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळांसाठी कानात बसवायचं इवलंसं यंत्र करतायत, त्याचा प्रोग्रॅम पहिल्या कागदापासून मांडायला त्यांनी इतक्या लोकांतून तुला निवडलं. दोन महिन्यांपूर्वी ते कळलं तेव्हा तू मला याच स्वयंपाकघरात गोल फिरवलंस आणि माझी कंबर चार दिवस धरली होती. आणि रविवारी म्हणालीस, शुक्रवारी त्यांना नाही म्हणून कळवणार. का, तर "आजी, ज्यातला दोष मला तीन वर्षांत सापडला नाही, ते दुसऱ्याच्या गळ्यात मारून कशी जाऊ? आणि इथल्या इस्पितळातल्या जेवणाच्या प्रोग्रॅमचं साधं काम मला नीट करता आलं नाही, तर बाळांच्या कानात काय घालणार मी?" हसत हसत म्हणालीस. त्या हसण्यानंच मला जास्त लागलं. माझ्या हातातला बटाटा पाण्यात पडला, आणि मी काय बोलले आठवतं? "मीठ बेतानं घालू का?" हे असं होतं माझं. म्हणून हे पत्र.

मला ते अगदी पहिले दिवस डोळ्यांसमोर दिसतात. इस्पितळाच्या तळघरात आमचं स्वयंपाकघर, माझं नोकरीचं शेवटचं वर्ष, आणि तुम्ही सहा जणं वह्या घेऊन आत आलात. माझी नातच प्रोग्रॅम करणार म्हटल्यावर मी इतकी मिरवले की बाकीच्या बायकांनी दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तुम्ही तीन महिने नुसतं विचारत होता. कुणाला मऊ, कुणाला पातळ, कुणाला बिनमिठाचं, कुणाला साखर वर्ज्य, डॉक्टर सांगतात कधी, आम्हाला कळतं कधी, ट्रे वर जातात कोणत्या लिफ्टनं. उंचाडी, म्हणजे माझ्या हाताखालची, आता तिथली मुख्य, ती मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "अहो आजी, ही पोरं कामाला कधी लागणार? नुसत्या चौकशा चालल्यायत, मुलगी बघायला आल्यासारख्या." मी ते तुला तिखटमीठ लावून सांगितलं, तर तू म्हणालीस, "आजी, हेच काम. आत्ता एक गोष्ट विचारायची राहिली, तर पुढे बांधलेली भिंत पाडावी लागते." ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलंय.

माझ्या बाहेरच्या खोलीची भिंत तुम्ही चिकटकागदांनी भरून टाकली होती. पिवळे म्हणजे माणसं, निळे म्हणजे कामं, आणि गुलाबी म्हणजे "असं झालं तर?" गुलाबीच जास्त. पेशंटनं खाट बदलली तर? झोपला असेल तर? डॉक्टरांनी सकाळी एक आणि दुपारी दुसरंच सांगितलं तर? मी पंखा लावला आणि सगळी माणसं-कामं खाली उतरली. आपण दोघी पलंगाखाली आडव्या होऊन ती गोळा करत होतो, आणि तू ओरडत होतीस, "बाळंतिणींचा वॉर्ड सापडला!" एक कागद मला पुढे कितीतरी महिन्यांनी चपलेत सापडला. गुलाबी. त्यावर लिहिलं होतं, "आणखी कुणी?" तो मी डब्यात ठेवलाय. का ठेवलाय ते पुढे कळेल.

मग आठ महिने तुम्ही ते बांधलंत. दर शनिवारी माझी परीक्षा. पडद्यावर चित्रं, आणि मी अंगठ्यानं दाबायची. तू म्हणायचीस, "आजी, बोट! अंगठा कसला उठवतेस, हे काय कचेरीतले कागद आहेत?" चमच्याचं चित्र म्हणजे मऊ जेवण, तर मला वाटलं चमचा धुवायला टाकायचा. तू चित्र बदललंस. कधी म्हणून चिडली नाहीस. आणि एक गोष्ट तू मला छाती फुगवून दाखवलीस. एका खाटेवर एकच नाव. चुकून दोन नावं आली, तर प्रोग्रॅम त्या वॉर्डाच्या ताटांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या थांबवून बसतो, माणसानं येऊन बघेपर्यंत एकही छापत नाही, कारण एकाचं गोड ताट साखरेच्या आजारवाल्यापुढे गेलं तर जीव जाईल. मी टाळ्या वाजवल्या होत्या. मनापासून वाजवल्या होत्या, हे खोटं नाही.

प्रोग्रॅम सुरू झाला, माझी नोकरी संपली, ताटांचे आकडे लिहायचा भिंतीवरचा खडूचा फळा काढला. तू म्हणालीस, आता काय, फक्त देखभाल, दोन-तीन महिन्यांत हात मोकळे होतील. पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा ती लाल ओळ आली: एका खाटेवर दोन नावं. तू चार तासांची बस करून आलीस. मग परत आलीस. मग परत. तुमच्यातला एक परगावी गेला, दोघांना बरी जागा मिळाली, एकीला बाळ झालं, उरलात तू आणि ती चष्मेवाली, आणि तिलाही साहेबांनी दुसऱ्या कामाला निम्मं जुंपलेलं. तुझा तो कॉम्प्युटर ठेवलाय कुठे, तर आमच्या बटाट्यांच्या खोलीत. खिडकी नाही, पाठीला शीतपेटीची घरघर, फोनला रेंज नाही म्हणून तू दर वेळी जिन्यापर्यंत येणार, बोलणार, परत आत जाणार. त्या खोलीचं दार आत उघडतं, त्यामुळे खुर्ची सरकवल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. मी एकदा डबा घेऊन आले होते तेव्हा तुला हाक मारली, आणि तू असं दचकून बघितलंस की मला वाटलं, ही किती वेळ इथे आहे हेच विसरलीय.

आणि तिथून निघालीस तरी सुटका कुठे आहे? चुलतबहिणीच्या लग्नात भरल्या ताटावरून उठलीस. मैत्रिणींबरोबर डोंगरावर जायचं तीनदा ठरलं, तीनदा मोडलं. आंघोळीला जातानासुद्धा फोन साबणाशेजारी. दुपारी जरा पडलीस की दात खातेस, मी बाजूला बसून ऐकते. तळघरातल्या बायका म्हणाल्या, कामाच्या गडबडीत आम्ही पेशंट गेल्यावर 'घरी गेला'चं बटण दाबायचं विसरतो, म्हणून जुन्याचं नाव राहतं आणि नव्याचं वर चढतं. तू विश्वास ठेवलास. का ठेवणार नाहीस, माझ्या हाताखालच्या बायका त्या. एकदाही त्यांना बोल लावला नाहीस. म्हणालीस, विसरतात म्हणजे माझंच बटण चुकीच्या जागी आहे. ते बटण तू चार वेळा हलवलंस. मोठं केलंस, लाल केलंस, त्याला घंटी लावलीस. दर वेळी म्हणायचीस, "या वेळी जमलं बघ, आजी." आणि दर वेळी मी म्हणायचे, "जमलं गं बाई जमलं." तीन वर्षांत एकोणीस वेळा.

मला हे अडकून पडणं ठाऊक आहे, भिंगरी. तीस वर्षं त्या तळघरात मीही तशीच होते. कोणत्या डॉक्टरचं अक्षर कसं, कुठल्या वॉर्डाची लिफ्ट कधी बिघडते, कोणती सिस्टर ट्रे परत पाठवते, सगळं माझ्या डोक्यात. कागदावर काही नाही. तू जन्मलीस तेव्हा मी तिसऱ्या दिवशी बस धरून परत आले. तुझी आई अजून ते काढते. मी सगळ्यांना सांगायचे, काय करू, माझ्यावाचून अडतं. आणि अडायचंही खरंच. ते फार गोड असतं गं. पण काही वर्षांनी दार बाहेरून लावलंय की आपणच आतून धरून बसलोय, तेच कळेनासं होतं.

आता जे सांगायचं ते सांगते. एक घोट पाणी पिऊन आले. शिंपिणीचं मशीन चालू आहे, त्या आवाजात बरं वाटतं.

त्या विचारायच्या दिवसांतली एक सकाळ आठव. मोठं टेबल, तू, तुझे साहेब, आणि इस्पितळाचे व्यवस्थापक, ते ज्यांचं तोंड कायम लिंबू चावल्यासारखं. तू पेन वर करून विचारलंस, "आजी, खाटेवरच्या पेशंटशिवाय आणखी कुणाला ताट जातं?" मी म्हटलं, "नाही." एवढंच. मग तू फळ्याचा फोटो काढलास आणि म्हणालीस, "मुलांच्या वॉर्डाच्या आकड्यांपुढे हे ठिपके कसले?" मी म्हटलं, "खडू तुटला की ठिपका पडतो." सगळे हसले. व्यवस्थापकसुद्धा. संध्याकाळी घरी तू परत विचारलंस, काही राहिलं तर नाही ना, आणि मी परत नाही म्हटलं.

ते ठिपके आयांचे होते, भिंगरी. लांबून आजारी लेकरू घेऊन येतात, खुर्चीवर आठ-आठ दिवस काढतात, आणि नियम असा की जेवण खाटेला, सोबतच्या माणसाला नाही. मी नोकरीला लागून तिसरा महिना होता. एक बाई मुलाच्या खाटेशी उभ्या उभ्या कोसळली, हातात मुलाचं भरलेलं ताट. पोरगं खात नव्हतं, पण उद्या ताट बंद करतील म्हणून ती ते परत पाठवत नव्हती आणि स्वतःही शिवत नव्हती. त्या दिवशी मी आणि तेव्हाच्या मोठ्या सिस्टरनं ठरवलं. आकड्यापुढे ठिपका म्हणजे त्या खाटेला आणखी एक ताट. सिस्टर गेल्या, दुसऱ्या आल्या, ठिपके चालू राहिले. आम्ही बायकांनी एकमेकींना शपथ घातली होती, ताकास तूर लागू द्यायची नाही. मग मी तुला कशी सांगणार होते, आणि तेही लिंबू तोंडासमोर? आणि घरी सांगितलं असतं तर तुला ते लिहावंच लागलं असतं, नाहीतर माझ्यासारखं खोटं बोलावं लागलं असतं. मला वाटलं मी तुला त्यातून वाचवतेय.

फळा गेल्यावर उंचाडी माझ्याकडे रडत आली, "आता आयांचं काय करू, यात तर ठिपकाच काढता येत नाही." युक्ती मी सांगितली. मी. पेशंट घरी गेला की लगेच बटण दाबायचं नाही, संध्याकाळपर्यंत त्याचं नाव राहू द्यायचं, ताट येतं ते वॉर्डातल्या एखाद्या आईला द्यायचं. बहुतेक दिवशी चालून जातं. पण गर्दीच्या दिवसांत तासाभरात त्याच खाटेवर नवं लेकरू येतं, आणि मग तुझी लाल ओळ. त्या बायका विसरत नव्हत्या गं. तू बटणाला घंटी लावलीस तेव्हा उंचाडीनं त्या घंटीवर फडकं बांधलं आणि मला फोन करून सांगितलं. प्रोग्रॅम अडला की त्या सगळं तोंडपाठ असल्यासारखं वाढतात, त्यामुळे उपाशी कुणी राहिलं नाही, चुकीचं ताट कुणाला गेलं नाही. अडकलीस ती तू.

तू म्हणशील, आयांसाठी केलंस, आजी, जाऊ दे. तसं म्हणून मला सोडू नकोस. पहिले काही महिने आयांसाठी होते. पहिल्यांदा अडलं तेव्हा मी घाबरले, दुसऱ्यांदा हळहळले, आणि तिसऱ्यांदा उंचाडीचा फोन आल्याबरोबर उठून तुझ्या पलंगावरची चादर बदलली. तू एकदा विचारलंस, "तुला आधीच कसं कळतं गं मी येणार ते?" मी म्हटलं, मन सांगतं. मन कसलं, उंचाडी सांगायची. तू येणार, बूट फेकणार, दोन दिवस राहणार. तुझी आई वर्षातून एकदा येते, तुझा मामा फोटो पाठवतो. तू मात्र महिन्या-दोन महिन्यांनी येतेस, आणि ते कशामुळे हे मला माहीत होतं. तू बटाट्यांच्या खोलीत कपाळ धरून बसायचीस आणि मी घरी तुझ्या आवडीचं करत गाणं म्हणायचे. हेही लिहून टाकते. मी खुशीत होते, भिंगरी. रविवारपर्यंत खुशीत होते. तू "मला हे काम येतच नाही" म्हणालीस तिथपर्यंत.

सोमवारी सकाळी तू बस धरलीस आणि मी इस्पितळात गेले. आधी तळघरात. बायकांना सांगितलं की आता मी वर जाऊन सगळं बोलणार. उंचाडीनं हातातला झारा आपटला. "स्वतःच्या नातीसाठी आमच्या आयांवर पाणी सोडताय," म्हणाली. "तीस वर्षं तोंडात गुळणी धरलीत ती याचसाठी का?" मी म्हटलं, बाई, तुझं खरं आहे, तरी मी जाते. कुणी माझ्याबरोबर आलं नाही. मुख्य डॉक्टरीणबाईंकडे दीड तास बसून नंबर लागला. मी काय काय बोलले मला आठवत नाही, पण युक्ती माझी, बायकांची नाही, एवढं तीनदा सांगितलं. त्यांनी टेबलावरची पेन्सिल घेऊन ते टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "आजी, तुम्ही मला अडचणीत टाकलंत. हे आता मला माहीत नाही असं मी म्हणू शकत नाही." मी म्हटलं, बाई, मलाही ते सोपं गेलं नाही. त्यांनी तिथूनच चष्मेवालीला फोन लावला आणि विचारलं, मुलांच्या वॉर्डात प्रत्येक खाटेला सोबतच्या माणसाचं एक ताट धरता येईल का, सरळ, उघड. ती म्हणाली दोन दिवसांचं काम. बाईंनी विचारलं, मुख्य मुलीला बोलवावं लागेल का? ती म्हणाली, "नाही, मी करते. पण हे आम्हाला पहिल्याच महिन्यात कुणी का नाही सांगितलं?" फोन मोठ्या आवाजावर होता. मी खाली बघितलं. दोन महिने ते ताट बाईंच्या सहीवर जाईल, पुढचं वरचे लोक बैठकीत ठरवतील. बंद करतील की ठेवतील, सांगता येत नाही. बैठकीला मला बोलावलंय. मी जाणार आहे, आणि तिथे लिंबू तोंड बसलेलं असलं तरी नाही म्हणणार नाही. उंचाडी अजून माझा फोन उचलत नाही.

तर हे पत्र माफीसाठी लिहिलेलं नाही. माफीचं तू तुझ्या सवडीनं बघ, मला घाई नाही. शिंपिणीची बहीण उद्या तुमच्या गावी येतेय, तिच्या हातून हे संध्याकाळी तुला मिळेल, म्हणजे शुक्रवारच्या आधी, त्यासाठी लिहिलंय. तुझ्या कामात दोष नव्हता. तू विचारलंस, सगळं विचारलंस, गुलाबी कागदावरही विचारलंस, मीच नाही म्हटलं. आणि बटणही योग्य जागीच होतं, पहिल्या दिवसापासून. तुझा प्रोग्रॅम एकोणीस वेळा एकच गोष्ट सांगत होता की या खाटेशी दोन माणसं आहेत, आणि होतीच ना दोन माणसं, एक निजलेलं आणि एक उशाशी बसलेलं. त्या अख्ख्या इस्पितळात खरं बोलणारा तो एकटा होता, आणि तो तू बांधलास. तेव्हा त्या कानाच्या यंत्रवाल्यांना हो म्हणून कळव. तिथेही तीन महिने नुसतं विचार, आणि एखादी म्हातारी फार पटकन नाही म्हणाली, तर तिला एकटीला बाजूला घेऊन परत विचार. आधी त्यांना हो कळव, मग मला शिव्या द्यायला फोन कर. मी घरीच आहे. चादर मी या वेळी बदललेली नाही.

तुझीच, त्या दिवशी नाही म्हणालेली,
आजी